किती एकरांना शेत म्हणायचे?

पुणे, मुळशी, कर्जत, अलिबाग या भागांतल्या जमिनींच्या जाहिराती चाळल्या की एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो : ११ गुंठे, स्वतंत्र सातबारा. या आकड्याचे मूळ पिकात नाही, पाण्यात नाही आणि मातीतही नाही. ते आहे तुकडेबंदी कायद्यात. बागायत जमिनीचे १० गुंठ्यांहून लहान तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून विकणारा १० च्या जेमतेम पुढे जाऊन थांबतो. सातबारा वेगळा निघतो, तारेचे कुंपण पडते, मधोमध बंगला आणि भोवती आंब्याची चार कलमे उभी राहतात. शेत इतके लहान होऊ नये की ते कसणेच परवडू नये, या हेतूने सरकारने एक किमान मर्यादा घातली होती. बाजाराने ती मर्यादा उचलली आणि तिलाच विक्रीचे माप केले. शेतजमीन आणि जंगल वाचवण्यासाठी जगभर जे क्षेत्राचे नियम केले जातात, त्यांच्या यशापयशाचे बरेचसे कोडे या एका आकड्यात सापडते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, तिच्या उत्तरेला लागून मेरिलँड राज्याची मॉन्टगोमेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानी वाढत गेली तशी तिथल्या नोकरदारांची घरे या काउंटीतल्या मक्याच्या, गव्हाच्या आणि दुभत्या जनावरांच्या शिवारात सरकू लागली. १९६४ मध्ये काउंटीने एक आराखडा केला : शहराने मोठ्या रस्त्यांच्या पट्ट्यांतून वाढावे आणि त्या पट्ट्यांमधल्या पाचरी हिरव्या राहाव्यात. कागदावर कल्पना सुरेख होती. तिला दात यावेत म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामीण भागासाठी एक नियम झाला. एका घरामागे किमान ५ एकर जमीन हवी. ५ एकर म्हणजे २०० गुंठे, आपल्या मानाने चांगले मोठे रान. पण तिथे झाले काय, तर शिवाराचे पाच-पाच एकरांचे चौकोन पडू लागले. राजधानीतल्या बऱ्या पगाराच्या माणसाला घर, घोडा आणि हिरवळ यांच्यासाठी ५ एकर घेणे सहज जमत होते. मका पेरणाऱ्याला मात्र ५ एकरांत मोठे यंत्र वळवण्याइतकीही ऐसपैस जागा नव्हती. घरे दाट नव्हती, पण शेती चालली होती ती चाललीच होती, आणि आता ती अधिक वेगाने चालली होती, कारण एका घरासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जमीन खर्ची पडत होती.

लहान भूखंड म्हणजे शेतीचा नाश आणि मोठा भूखंड म्हणजे शेतीचे रक्षण, असे आपण गृहीत धरतो. मॉन्टगोमेरीचा हा पहिला प्रयोग ते गृहीत मोडून काढतो. किमान क्षेत्राचा नियम भूखंडाच्या कडा मोजतो. त्या कडांच्या आत काय चालते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आकडा जर घर घेणाऱ्याच्या खिशाच्या टप्प्यात असेल, तर तो आकडा घराची किंमत थोडी वाढवतो, एवढेच. शेत टिकवायचे तर आणखी तीन गोष्टींची उत्तरे द्यावी लागतात : या शिवारात एकूण घरे किती, ती कोणाची, आणि घर बांधण्याची संधी ज्याच्या हातून गेली त्याच्या पदरात काय पडले. ज्या ठिकाणी ही उत्तरे दिली गेली तिथे एकराचा आकडा उपयोगी पडला. जिथे आकडाच उत्तर मानला गेला तिथे तो फसला, असे माझे म्हणणे आहे.

मॉन्टगोमेरीनेच आपली चूक दुरुस्त केली, आणि ती कशी केली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. रॉइस हॅन्सन त्या वेळी तिथल्या नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये शेती आणि मोकळ्या ग्रामीण जागा टिकवण्याचा स्वतंत्र आराखडा झाला. काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, सुमारे ९३,००० एकर, एका रेषेत घेतला गेला आणि त्याला शेतीचे राखीव क्षेत्र म्हटले गेले. या रेषेच्या आत एका घरामागे ५ एकरांऐवजी २५ एकर अशी मर्यादा आली. ज्याच्याकडे १०० एकर होते त्याला काल २० घरे बांधता येत होती, आज ४. जमिनीची किंमत तिच्यावर होऊ शकणाऱ्या घरांवर ठरते, त्यामुळे हा शेतकऱ्याच्या आयुष्यभराच्या ठेवीवर घाला होता. जमीन हीच त्याची पेन्शन होती. हे ओळखून आराखड्याने दुसरा आकडा दिला : घर बांधण्याची मर्यादा २५ एकरांवर नेली, पण विकास हक्क मात्र जुन्याच दराने, दर ५ एकरांना १, असे मोजून दिले. हे हक्क जमिनीपासून सुटे करून विकता येतील आणि विकत घेणाऱ्या बिल्डरला ते शहराच्या ठरवून दिलेल्या भागात, नेहमीच्या मर्यादेपेक्षा जादा घरे बांधायला वापरता येतील, अशी सोय झाली. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणलेला 'टीडीआर' मराठी वाचकाला चांगलाच ठाऊक आहे. कल्पना तीच. फरक असा की मुंबईत तो रस्ता, बाग, शाळा यांच्या आरक्षणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात आला, आणि मॉन्टगोमेरीत नांगराखालची जमीन नांगराखालीच राहावी म्हणून.

१०० एकरांच्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहू. ५ एकरांना १ या दराने त्याच्याकडे २० हक्क येतात. २५ एकरांना १ या दराने त्याला ४ घरांची मुभा राहते, आणि प्रत्येक घरासाठी एक हक्क स्वतःकडे शिल्लक ठेवावा लागतो. म्हणजे तो १६ हक्क विकू शकतो आणि ४ राखतो. हक्क विकले की त्या जमिनीवर कायमचा बोजा नोंदवला जातो. पुढे मालक कितीही बदलोत, त्या विकलेल्या हक्कांची घरे तिथे पुन्हा उभी राहत नाहीत. शेतकऱ्याच्या हातात ट्रॅक्टरचे कर्ज फेडायला, गोठा दुरुस्त करायला किंवा बहिणीचा वाटा द्यायला रोख रक्कम येते आणि जमीन त्याच्याच नावावर राहते, त्याच्याच कसण्यात राहते. या मार्गाने ५०,००० एकरांहून अधिक जमीन कायमची बांधली गेली आहे. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. हक्क कुठे उतरवायचे हा प्रश्न हक्क कुठून उचलायचे यापेक्षा अवघड निघाला. ज्या वस्त्यांत जादा घरे येणार होती तिथले रहिवासी विरोधात उभे राहिले, आणि १९८७ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जादा घनता केवळ आराखड्याच्या नकाशावर ठरवून चालणार नाही, ती रीतसर झोनिंगच्या नियमातच यायला हवी. काउंटीने नियम सुधारले आणि योजना पुढे चालू ठेवली.

२५ हा आकडा का चालला, जेव्हा ५ चालला नव्हता? तो केवळ पाचपट मोठा होता म्हणून नव्हे. ३०० एकर कसणाऱ्याला २५ एकरांचे शेतही तसे तोकडेच. २५ ने केलेले काम वेगळे होते : त्याने एकूण घरांची संख्या इतकी खाली आणली की शिवाराचा मोठा भाग सलग राहिला, आणि चार घरे बांधायचीच झाली तर ती एका कोपऱ्यात लहान भूखंडांवर गोळा करता आली. उरलेल्या रानाला तुकडे पडण्याचे कारण उरले नाही. घरटी क्षेत्र आणि भूखंडाचे क्षेत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक कायदे इथेच चुकतात. 'एका घरामागे २५ एकर' याचा अर्थ प्रत्येक घराला २५ एकरांचे अंगण, असा घ्यायची गरज नाही. १०० एकरांत एका टोकाला एकेक एकराची ४ घरे आणि बाकी ९६ एकर अखंड, असाही तो घेता येतो. शेतीला दुसरा अर्थ हवा असतो.

शेती हा एकट्याने चालवण्याचा धंदा नाही, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी एका भूखंडाऐवजी अख्ख्या पट्ट्याचे क्षेत्र मोजायला सुरुवात केली. तिथे याला शेती आणि वन 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात. आपल्या महसुली जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. शेजारी शेजारी असलेल्या मालकांनी आपणहून एकत्र येऊन आखून घेतलेले ते कुंपण असते. न्यूयॉर्क राज्याने १९७१ मध्ये असा कायदा केला. व्हर्जिनियाने १९७७ मध्ये केला आणि त्यात जंगलाचाही उल्लेख केला. व्हर्जिनियाच्या कायद्यात असा पट्टा स्थापन व्हायला किमान २०० एकरांचा गाभा लागतो. हा गाभा एकाच्या मालकीचा असेल किंवा अनेकांचा, पण सलग हवा. त्या गाभ्यापासून एका मैलाच्या आतली शेते मग त्याला जोडता येतात. मुदत ४ ते १० वर्षांची. ती संपली की पुन्हा विचार. मुदतीत मालकाने जमिनीचा जादा विकास करायचा नाही, आणि बदल्यात जमिनीवरचा कर शेतीच्या किमतीने लागतो, शिवाय सरकारी खात्यांना त्या पट्ट्यातून रस्ता किंवा वाहिनी नेण्याआधी जास्तीची चौकशी करावी लागते. २०० एकरांची ही अट मला २५ एकरांच्या अटीपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण ती शेताच्या खऱ्या गरजेपासून निघते. दूध गोळा करणारी गाडी एका गोठ्यासाठी येत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बियाणे विकणारा, लाकूड कापणारी गिरणी, या सगळ्यांना आजूबाजूला पुरेसे गिऱ्हाईक लागते. शिवारात घरे आली की शेणाच्या वासाची, फवारणीची, पहाटेच्या यंत्राच्या आवाजाची तक्रार येते, आणि एका शेतकऱ्याने जमीन विकली की शेजाऱ्याची शेती तेवढी अवघड होते. तुकडा एकटा वाचत नाही. मात्र व्हर्जिनियाच्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे : ती स्वेच्छेची आहे, मुदतीची आहे, आणि जमिनीचा भाव चढला की मालक मुदत संपण्याची वाट पाहतो. म्हणून जिथे शहराचा रेटा जोराचा आहे तिथे ती पातळ पडते.

अशा रेट्याला सक्तीच्या कायद्याने उत्तर दिले ते ओरेगॉनने. १९७३ च्या भूनियोजन कायद्यामागे दोन माणसे ठळकपणे होती : राज्याचे गव्हर्नर टॉम मॅकॉल आणि लिन काउंटीतले दुग्धव्यावसायिक शेतकरी व सिनेटर हेक्टर मॅकफर्सन. दोघेही रिपब्लिकन, म्हणजे खासगी मालकीचा कैवार घेणाऱ्या पक्षाचे. मॅकफर्सन यांच्या डोळ्यांदेखत विलॅमेट खोऱ्यातली काळी, कसदार जमीन प्लॉटिंगखाली जात होती. या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक शहराला आपल्याभोवती वाढीची सीमारेषा आखावी लागली, आणि रेषेबाहेरची शेतजमीन, सुमारे दीड कोटी एकर, केवळ शेतीसाठी म्हणून राखली गेली. सुरुवातीला किमान क्षेत्र ठरवणे बऱ्याच अंशी काउंट्यांवर सोडले होते. मग तेच झाले जे होणार होते : छोटे भूखंड पाडले गेले, 'शेतकऱ्याचे घर' म्हणून परवाने दिले गेले, आणि पाहण्यांतून असे दिसले की त्यातल्या बहुतेक घरांची शेती नावापुरती आहे. म्हणून १९९३ मध्ये विधिमंडळाने आकडे स्वतः ठरवले. पिकाखालच्या जमिनीचा नवा भूखंड पाडायचा तर किमान ८० एकर, चराऊ रानाचा १६० एकर, जंगलाचा ८० एकर. पण ओरेगॉन तिथे थांबले नाही. उत्तम प्रतीच्या जमिनीवर शेतकरी म्हणून घर बांधायचे असेल तर त्या शेतातून वर्षाला ८०,००० डॉलरची विक्री होते हे आधी दाखवावे लागते. घराचा परवाना जमिनीच्या आकाराकडे पाहत नाही, तिच्यातून निघालेल्या मालाच्या पावत्यांकडे पाहतो.

जंगलाच्या बाबतीत आकडे का मोठे असावेत, याचे कारण नुसते झाडांच्या वाढीत नाही. पश्चिम ओरेगॉनमध्ये समुद्रावरून येणारा पाऊस भरपूर, तिथे डग्लस फरची झाडे झपाट्याने वाढतात. कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला पाऊस कमी, तिथे पाँडेरोसा पाइन विरळ आणि हळू वाढतो. म्हणून मोठ्या वनजमिनीवर एक घर बांधायची मुभा पश्चिमेला १६० एकरांवर मिळते, पूर्वेला २४० एकरांवर. पण खरा प्रश्न आगीचा आहे. जंगलात एक घर आले की वणव्याच्या वेळी अग्निशामकांचे गणित बदलते. आगीची धार कुठे अडवायची याआधी घर कसे वाचवायचे हे बघावे लागते. नियंत्रित आग लावून वाळलेला पाचोळा संपवण्याचे कामही मग शेजारच्या घरामुळे आणि धुराच्या तक्रारीमुळे अडते. घर लहान असले तरी त्याची सावली फार मोठ्या रानावर पडते.

ज्या लहान वनभूखंडांचे मालक आधीपासूनच होते, त्यांचे काय? यासाठी ओरेगॉनने एक मजेशीर वाटणारे पण विचारपूर्वक केलेले साधन काढले. १६० एकरांचा एक चौकोन घ्यायचा, म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल. तो नकाशावर असा ठेवायचा की अर्जदाराची जमीन मधोमध येईल. मग मोजायचे : या चौकोनात १ जानेवारी १९९३ रोजी आणखी किती भूखंड होते आणि किती घरे उभी होती. सगळ्यांत कसदार जंगलात किमान ११ दुसरे भूखंड आणि ३ घरे सापडली तर परवाना मिळू शकतो. जमीन कमी कसाची असेल तर भूखंडांची अट सैल होते. यामागचा विचार असा की जिथे जंगल आधीच तुकड्यांत विखुरले आहे तिथे आणखी एका घराने फारसे बिघडत नाही, आणि जिथे ते अजून सलग आहे तिथे पहिलेच घर सर्वांत जास्त नुकसान करते. १९९३ ची तारीख यासाठी की आज बांधलेले घर उद्याच्या परवान्याचे कारण बनू नये. मालकांनी यातही पळवाटा काढल्या. भूखंडाच्या हद्दी सरकवून चौकोनाचा मध्यबिंदू घरांच्या जवळ नेण्याचे प्रकार इतके झाले की २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून मध्यबिंदूची व्याख्या घट्ट करावी लागली. तरीही या साधनाचा गाभा मला पटतो. ते एका माणसाचे एकर मोजत नाही. त्याच्या भोवतालचे अर्धा मैल रान पाहते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की चांगली शेती लहान जमिनीवरही होते, मग ८० एकरांचा हट्ट कशाला? नाशिकचा द्राक्षबागायतदार दोन-चार एकरांवर घर चालवतो. खुद्द ओरेगॉनमध्येच डेव्हिड लेट यांनी १९६६ मध्ये डंडीच्या टेकड्यांवर पिनो न्वारच्या वेली लावल्या आणि त्यातून उभा राहिलेला द्राक्षमद्याचा व्यवसाय आज राज्याची ओळख आहे. त्यातले अनेक मळे ८० एकरांहून कितीतरी लहान आहेत. आक्षेप खरा आहे, पण तो नियमाच्या चुकीच्या वाचनावर उभा आहे. ८० एकरांची अट नवा भूखंड पाडण्याला आहे, शेती करण्याला नाही. १५ एकरांचा जुना भूखंड तसाच राहतो, विकता येतो, खंडाने देता येतो, त्यावर द्राक्षे लावता येतात. अडवले जाते ते मोठ्या शेताचे घरांसाठी तुकडे पाडणे. आणि डंडीच्या टेकड्यांचाच दाखला द्यायचा तर तिथले उतार देखाव्यासाठी घर बांधू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरणारे होते. ते शेतीच्या झोनमध्ये राहिले म्हणूनच वेलींना परवडतील अशा भावात मिळू शकले. लहान शेतकऱ्याचा खरा शत्रू किमान क्षेत्राचा नियम नसतो, तर जमिनीला लागलेला बंगल्याचा भाव असतो. तरीही आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो : ८०,००० डॉलरच्या विक्रीची अट भाजीपाला किंवा मधमाश्या यांच्या भरवशावर नव्याने सुरुवात करणाऱ्या तरुणाला जड जाते, कारण घर नसताना शेताची राखण करत तेवढी विक्री उभी करायची असते. तिथे आकडा अजूनही आंधळा आहे.

दुसरा आक्षेप मालकीचा. माझ्या जमिनीवर घर बांधू न देऊन सरकार मला न विचारता माझी किंमत काढून घेते, हे म्हणणे पोकळ नाही. ओरेगॉनच्या मतदारांनी नोव्हेंबर २००४ मध्ये 'मेझर ३७' मंजूर करून हेच सांगितले : जमीन घेतल्यानंतर आलेल्या नियमाने तिची किंमत घटली असेल तर सरकारने भरपाई द्यावी, नाही तर नियम सोडावा. भरपाईला पैसे नव्हते, त्यामुळे नियम सोडण्याची वेळ आली आणि हजारो मालकांनी अर्ज केले. कसदार जमिनीवर मोठ्या वसाहतींचे प्रस्ताव येऊ लागले, शेजारच्या शेतकऱ्यांना आपल्या विहिरीच्या पाण्याची काळजी लागली, आणि तीनच वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, त्याच मतदारांनी 'मेझर ४९' मंजूर करून बहुतेक दावेदारांची मुभा एक ते तीन घरांपुरती आणली. यातून एवढे दिसते की लोकांना दोन्ही हवे होते : शिवार टिकावे, आणि ज्याच्यावर ते टिकवण्याचा भार पडला त्याला काहीतरी मिळावे. ओरेगॉनने तीस वर्षे पहिले दिले आणि दुसरे जवळजवळ दिलेच नाही. म्हणून २००४ आले. मॉन्टगोमेरीने आकडा बदलला त्याच आराखड्यात हक्क विकण्याची सोय ठेवली. दोन्ही ठिकाणी न्यायालयात भांडणे झाली, पण मॉन्टगोमेरीत 'मेझर ३७' सारखी लाट उसळली नाही, याचे एक कारण मला हेच वाटते.

तिसरा आक्षेप, मोठ्या भूखंडांचा नियम श्रीमंतांसाठी गावे राखतो, हा ५ एकरांच्या नियमाला पुरेपूर लागू पडतो. तिथे खरोखरच शेतकऱ्याच्या नावाने कायदा होता आणि फायदा घोडे पाळणाऱ्यांचा झाला. २५ किंवा ८० एकरांनाही तो काही प्रमाणात लागू पडतो, आणि त्याचे उत्तर शिवारात शोधून मिळणार नाही. ते शहरात, सामान्यांना परवडणारी घरे दाटीने बांधू देण्यात आहे. मॉन्टगोमेरीत हक्क उतरवण्याच्या जागांना झालेला विरोध म्हणूनच काळजीचा आहे. शिवार राखायचे आणि गल्लीत चौथा मजलाही नको, असे एकाच वेळी म्हणता येत नाही.

आणि मग आपला प्रश्न. डॉ. हॅरॉल्ड मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या दप्तरांवरून त्यांनी काढलेला हिशेब असा की त्या गावात सरासरी धारण १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० च्या काळात १४, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. मान आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामातूनच मुंबई इलाख्यात तुकडे थांबवण्याचा विचार मुरत गेला आणि त्याचे फळ १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा. त्यातली एकत्रीकरणाची बाजू आजही आपल्या सातबाऱ्यावर दिसते. सर्व्हे नंबरांच्या जागी आलेले गट नंबर हे तिचेच देणे. तुकडेबंदीची बाजू मात्र हरली. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारण ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर उरली. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरवले. यातले प्रमाण पाहा : ज्या जमिनीत कमी पिकते तिला दुप्पट. ओरेगॉनचे ८० आणि १६० एकरही हेच प्रमाण सांगतात. तर्क एकच आहे, फक्त तिथे एकर आहेत आणि इथे गुंठे.

ओरेगॉनचा आकडा इकडे आणा, असे कोणी म्हणू नये आणि मीही म्हणत नाही. तिथे जमीन विकत घेणारा शहरातला माणूस आहे. इथे ती वाटून घेणारे सख्खे भाऊ आहेत. वडिलांमागे दोन एकर चार भावांत वाटले जातात तेव्हा कायद्याने वाटप अडवले तरी बांध पडतोच. फक्त तो कागदावर पडत नाही. सातबारा एकच राहतो, त्यावर चार नावे लागतात, पीककर्जाला चौघांच्या सह्या लागतात, विहिरीची मोटर कोणाच्या वेळेत चालवायची यावरून भांडणे होतात आणि दिवाणी दावा नातवापर्यंत चालतो. इथे किमान क्षेत्राचा नियम वापर राखत नाही आणि तुकडाही रोखत नाही. तो तुकडा नोंदीबाहेर ढकलतो. मॉन्टगोमेरीला वारसांचा प्रश्न अगदीच नव्हता असे नाही. १९८० च्या नियमांत जुन्या मालकांच्या मुलांसाठी प्रत्येकी एका घराची वेगळी सवलत होती, आणि तिचा गैरवापर होऊ लागल्यावर तीही आवळावी लागली. पण तिथे जमीन न मिळालेल्या मुलाला जवळच नोकरी मिळत होती. आपल्याकडे भावाचा वाटा रोखीने चुकता करायला लागणारा पैसा शेतातून निघत नाही, हे तुकड्याचे पहिले कारण आहे. ते सोडून गुंठ्यांचा आकडा वर-खाली करत राहणे म्हणजे ताप मोजून औषध दिल्याचे समाधान.

पण शहराच्या कडेला, जिथे जमीन वाटण्यासाठी नाही तर बंगल्यासाठी कापली जाते, तिथे आपला प्रश्न थेट मॉन्टगोमेरीचा आहे. ११ गुंठ्यांच्या जाहिराती नेमक्या तिथल्याच. तिथे बागायतीची मर्यादा १० ची २० गुंठे केली तर जाहिरात २१ गुंठ्यांची होईल. टीडीआर आपल्याला ३० वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, त्याची बाजारपेठ आहे, त्याचे दलाल आहेत, त्याचे हिशेब ठेवणारी खाती आहेत. तरी मुळशीच्या भातखाचरावरचे घर बांधण्याचे हक्क पुण्याच्या एखाद्या मेट्रो स्थानकाजवळ उतरवता येतील आणि खाचर भाताखालीच राहील, अशी व्यवस्था आपण अजून केलेली नाही. मान यांनी जिथे एकेक वावर मोजले, ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, आणि १९१४ ची ती वावरे आज गृहसंकुलांच्या पार्किंगखाली आहेत. त्यांचा बळी ७ एकरांनी घेतला नाही. १७७१ सारखी ४० एकरांची धारण टिकली असती, तरी शहर तिथे पोहोचल्यावर तेच झाले असते, फक्त बिल्डरला सहा दारी जाण्याऐवजी एका दारी जावे लागले असते.